पायांवरचा कर

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर चालत असतील तर १२०० सीसीपर्यंतच्या, डिझेलवर चालत असतील तर १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारी त्यामुळे स्वस्त झाल्या. मध्यमवर्गाने या निर्णयाचे स्वागत केले, ते स्वाभाविकच होते. नोकरीची पंधरा-वीस वर्षे दुचाकीवर काढल्यानंतर दारापुढे एक लहानशी मोटार उभी असावी, असे जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या लिपिकाला वाटले, तर त्यात चैन कसली? परंतु सणासुदीच्या या आनंदात एक जुनी सवलत निकालात निघाली, आणि ती गेल्याची खंत ज्यांना ती लागू होती त्यांच्यापुरतीच राहिली.

ही सवलत अपंगांसाठी होती. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीने याच आकाराची मोटार घेतली, तर केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर तिला २८ ऐवजी १८ टक्के कर पडे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हापासून ही व्यवस्था होती. आता सर्वांनाच १८ टक्के झाल्यावर तिचे काय उरले, हे सांगायला कोणी अर्थशास्त्रज्ञ नको. मोटारीची करापूर्वीची किंमत ५ लाख रुपये धरली, तर पूर्वी सर्वसामान्य ग्राहक १ लाख ४० हजार रुपये कर भरीत असे आणि अपंग ग्राहक ९० हजार. दोघांत ५० हजारांचे अंतर होते. आज दोघेही ९० हजारच भरतात. एकाचे ५० हजार वाचले, दुसऱ्याचा एक रुपयाही वाचला नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, अपंगाचे यात गेले काय? तो पूर्वीही १८ टक्के भरत होता, आजही तेवढेच भरतो. शिवाय मंत्रालयाचे प्रमाणपत्र मिळवण्याची यातायात आता उरली नाही, हा लाभच नव्हे काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण सवलत कशासाठी दिली होती, या प्रश्नाला तो बगल देतो. ती दयेपोटी दिलेली सूट नव्हती. धडधाकट माणसाला जी मोटार दुकानातून काढून थेट रस्त्यावर आणता येते, तीच मोटार अपंगाला चालवण्याजोगी करून घ्यावी लागते. त्यासाठी वेगळा खर्च येतो. बहुधा महागडे, आपोआप गिअर बदलणारे मॉडेल घ्यावे लागते, त्याचाही खर्च येतो. हा जादा बोजा समाजाने थोडासा वाटून घ्यावा, एवढाच त्या १० टक्क्यांचा अर्थ होता. कराचा दर सर्वांसाठी उतरला. जादा बोजा मात्र होता तेथेच राहिला आणि तो वाटून घेणारा हात तेवढा मागे गेला.

ही मोटार कोणाला हवी आहे?

अपंग आणि मोटार हे दोन शब्द शेजारी आले की अजूनही अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. अपंग म्हणजे गरीब, आणि गरिबाला मोटार कशाला, असे एक समीकरण मनात घट्ट बसलेले असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण त्याआधीच्या चार-पाच दशकांत पोलिओने पाय गमावलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत, काही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. १९९५ च्या कायद्याने त्यांच्यासाठी सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने ४ टक्के जागा राखून ठेवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत, तहसील कचेऱ्यांत, बँकांत आणि टपाल कार्यालयांत ही माणसे आज खुर्चीवर बसून काम करीत आहेत. त्यांना पगार आहे, प्राप्तिकर भरण्याइतकी मिळकत आहे. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली दिव्यांग मुलेमुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्यातील कोणी उद्या परीक्षा उत्तीर्ण होऊन एखाद्या तालुक्याच्या गावी नेमणूक घेईल, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न फायलींचा नसेल. कचेरीत पोहोचायचे कसे, हा असेल.

खानदेशात हा प्रश्न आणखी बिकट आहे. जळगाव आणि धुळे यांच्यामधील अंतर सुमारे ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे ही गावे घेत जाणाऱ्या या महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची संख्या थोडी नाही. पारोळ्यास राहून धुळ्यास नोकरीला जाणारा, दोन्ही पायांत कॅलिपर असलेला एखादा शिक्षक डोळ्यांसमोर आणावा. एसटीच्या भाड्यात त्याला ७५ टक्के सवलत आहे, आणि त्याबद्दल राज्य परिवहन महामंडळास दूषण देण्याचे कारण नाही. परंतु भाड्यात सवलत मिळते, पायरीच्या उंचीत मिळत नाही. कुबड्या आधी आत सरकवायच्या, मग हातांच्या बळावर शरीर वर ओढायचे आणि हे सारे मागून रेटणाऱ्या गर्दीच्या देखत करायचे, हा त्याचा रोजचा प्रवासारंभ असतो. दुसरा मार्ग म्हणजे मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर. या स्कूटरने असंख्य अपंगांना घराबाहेर काढले, हे तिचे ऋण मोठे आहे. गावातल्या गावात ती उत्तमच. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा, किंवा आषाढात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो तेव्हा, ट्रकांच्या रांगेशेजारून ३५ किलोमीटर ती हाकणे म्हणजे रोज जिवाशी खेळणे होय. अशा माणसाने मोटार घ्यायचे ठरवले, तर ती चैनीची वस्तू म्हणायची की चालण्याचे साधन?

यंत्र अडवत नाही

अपंगाला मोटार चालवता येईल काय, ही दुसरी शंका. तिचे उत्तर यंत्रशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये आजाराने निकामी झाले. त्यानंतर हातांनी चालवता येईल अशी व्यवस्था केलेली १९३६ ची फोर्ड मोटार ते हाइड पार्क येथील आपल्या गावच्या रस्त्यांवर स्वतः चालवीत. म्हणजे हे तंत्र ९० वर्षांचे जुने आहे आणि त्यात गूढ असे काही नाही. डावा पाय निकामी असेल, तर क्लच नसलेली मोटार घेतली की बहुधा आणखी कोणताच बदल करावा लागत नाही. उजवा पाय निकामी असेल, तर ॲक्सिलरेटरचे पेडल ब्रेकच्या डाव्या बाजूस आणता येते. दोन्ही पाय चालत नसतील, तर स्टिअरिंगखाली हातात येईल असा एक दांडा बसवतात. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो आणि मागे ओढला किंवा फिरवला की मोटार वेग घेते. एकच हात असेल, तर स्टिअरिंगवर मुठीत मावेल असा गोल दट्ट्या लावतात. मूळ पेडले तशीच ठेवता येतात, त्यामुळे घरातील इतरांनाही तीच मोटार चालवता येते.

क्लचची अडचण एके काळी मोठी होती, कारण आपोआप गिअर बदलणारी मोटार ही श्रीमंतांची मिरास होती. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने तुलनेने स्वस्त अशी स्वयंचलित गिअरपद्धती भारतीय बाजारात आणली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांच्या लहान मोटारींतही ती आली. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. तात्पर्य, यंत्राने आपल्या परीने वाट मोकळी करून दिली आहे.

मोटार निवडताना मात्र धडधाकट ग्राहकापेक्षा वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. दार पुरेसे रुंद उघडते का, बसण्याची जागा चाकाच्या खुर्चीच्या उंचीला जवळची आहे का, दांडा हलवताना तो गुडघ्याला लागत नाही ना, स्टिअरिंग खालीवर करता येते का, मागे घडीची खुर्ची मावते का, हे प्रत्यक्ष बसून पाहिल्यावाचून कळत नाही. रंग आणि ध्वनियंत्रणा यांची चौकशी मागाहून केली तरी चालते. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कोणत्या वाहनासाठी आपण पात्र ठरू, हे वैद्यकीय तपासणीतून आणि परिवहन कार्यालयातून आधी जाणून घ्यावे आणि मगच पैसे भरावेत. बदल करून घेतल्यावर त्याची नोंद नोंदणीपुस्तकात झालीच पाहिजे आणि विमा कंपनीलाही तो लेखी कळवला पाहिजे. अन्यथा अपघाताच्या वेळी भरपाई नाकारण्यास कंपनीच्या हाती आयतेच निमित्त मिळते.

कायद्याची ऐंशी वर्षे

यंत्र अडवत नाही, मग अडवते कोण? बराच काळ कायदाच अडवीत होता. ब्रिटिश अमदानीतील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ अशी एक संज्ञा होती. अशक्तांची गाडी असा तिचा अर्थ. ती अपंगाच्या वापरासाठी खास आराखडा करून बांधलेली असली पाहिजे, केवळ फेरफार केलेली असता कामा नये, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले होते. स्वतंत्र भारताने १९८८ मध्ये नवा कायदा केला, तेव्हाही ही शब्दयोजना कायम राहिली. याचा अर्थ असा की, कारखान्याने मुद्दाम अपंगांसाठी बांधलेल्या गाडीलाच कायद्याने ओळखावे. आणि आपल्याकडे कारखाने तर अशा चारचाकी बांधीत नव्हते! जी गाडी कायद्याला मान्य ती बाजारात नाही आणि जी बाजारात आहे ती फेरफार केल्यावर व्याख्येत बसत नाही, अशा कात्रीत अपंग चालक कित्येक वर्षे सापडला होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ आराखड्याशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. तो रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी त्यामुळे ही कात्री अधिकच आवळली जाण्याची भीती होती.

त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने ही चूक सुधारली. ‘इन्व्हॅलिड कॅरेज’च्या जागी ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली. खास बांधलेले वाहन आणि मालकाने कलम ५२ खाली विहित अटी पाळून बदल करून घेतलेले वाहन, अशा दोहोंचा तिच्यात समावेश झाला. १९३९ ते २०१९ अशी ऐंशी वर्षे एका व्याख्येने माणसांचा रस्ता रोखून धरला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुरुस्तीचे महत्त्व पटते.

ज्या देशातून ही संज्ञा आली, त्या देशाने ती कधीच मागे टाकली आहे. ब्रिटनमध्ये सरकार अपंगांना फिक्या निळ्या रंगाची, तीन चाकांची, एकट्यानेच बसायची गाडी पुरवीत असे. त्या गाडीतून आईला मुलास शाळेत नेता येत नसे आणि पतीला पत्नीस शेजारी बसवता येत नसे. अपंगाला ती घराबाहेर काढी, पण एकटेच. १९७७ मध्ये तेथे ‘मोटॅबिलिटी’ योजना आली. सरकारकडून मिळणाऱ्या अपंगत्व भत्त्याच्या रकमेतून चारचौघांसारखीच मोटार भाड्याने घ्यावी आणि ती आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावी, अशी ही कल्पना. जुन्या निळ्या गाड्यांना २००३ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर बंदी झाली. अपंगाला वेगळी गाडी देण्यापेक्षा सर्वांची गाडी त्याच्यायोग्य करून देणे अधिक शहाणपणाचे आणि अधिक सन्मानाचे, हा धडा त्या देशाला अनुभवाने मिळाला. भारताला तो आयता घेता येण्यासारखा आहे.

कागदावर तो घेतलाही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याचे ४१ वे कलम सरकारांना असे सांगते की, अपंगांना परवडेल अशा खर्चात स्वतःहून हिंडताफिरता यावे यासाठी योजना आखाव्यात. त्यात सवलती असाव्यात, वाहनांत बदल करून देण्याची तरतूद असावी आणि वैयक्तिक साहाय्यही असावे. कायद्याने यापेक्षा स्पष्ट बोलावे तरी कसे? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा असून भागणार नाही, त्यांतील किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत, असे केंद्र सरकारला बजावले. या पार्श्वभूमीवर दहा महिन्यांनी मोटारीवरील एकुलती एक ठळक सवलत निरर्थक ठरावी आणि तिच्या जागी दुसरे काही येऊ नये, ही विसंगती डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

करप्रणालीत आणखी एक गंमत आहे. अपंगाच्या वाहनात बसवायच्या बदलसंचावरील कर वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२१ मध्ये ५ टक्क्यांवर आणला. विजेच्या मोटारीवरील कर तर ऑगस्ट २०१९ पासूनच ५ टक्के आहे. हवा स्वच्छ राहावी म्हणून सरकार १३ टक्क्यांवर पाणी सोडते, आणि ते योग्यच आहे. दांडा ५ टक्क्यांनी मिळावा, हेही सरकारला मान्य आहे. पण तो दांडा ज्या मोटारीत बसवायचा, ती मात्र १८ टक्क्यांची! कुबडीचे रबर स्वस्त आणि कुबडी महाग, असा हा न्याय झाला.

जिल्ह्याच्या गावी काय आढळते?

कर हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. सवलत उद्या पुन्हा मिळाली, तरी जळगावचा किंवा धुळ्याचा अपंग ग्राहक दुसऱ्याच दिवशी नव्या अडचणीत सापडेल. शिकाऊ अनुज्ञप्ती काढल्यावर त्याने शिकायचे कोठे? सर्वसाधारण ड्रायव्हिंग स्कूलची मोटार पायांनी चालणाऱ्यांसाठी असते. म्हणजे शिकण्यासाठी आधी स्वतःची मोटार हवी, ती बदलून घेतलेली हवी, आणि परीक्षेलाही तीच न्यायला हवी. अनुज्ञप्ती मिळेल की नाही याचा भरवसा नसताना पाच-सात लाख रुपये गुंतवण्याचे धाडस एखाद्या प्राथमिक शिक्षकाने करावे, अशी ही अपेक्षा आहे. मोटारीत बदल करणारा जाणकार कारागीर जवळपास न मिळाल्यास पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. ती मोटार तिकडे नेणार कोण? ज्याला ती अजून चालवता येत नाही, तो तर नेऊ शकत नाही. मग नात्यातल्या कोणाची तरी रजा, मुक्कामाचा खर्च आणि परत आल्यावर नोंदीसाठी परिवहन कार्यालयातील खेपा, असा हा क्रम चालतो. जिन्यावरच्या खिडकीसमोर कुबड्यांवर उभे राहून ‘उद्या या’ हे शब्द ऐकणे म्हणजे काय, हे ज्याला दोन पाय आहेत त्याला सहसा कळत नाही.

पथकराची कथाही अशीच आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत अपंगांसाठी ‘खास आराखडा करून बांधलेल्या’ वाहनाला सूट आहे. मोटार वाहन कायद्याने जी भाषा टाकून दिली, ती येथे शिल्लक आहे. तिचा अक्षरशः अर्थ लावायचे ठरवले, तर बदल करून घेतलेल्या मोटारीच्या मालकाशी नाक्यावर वाद घालायला वाव उरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीच्या नमुन्यात ‘दिव्यांगजन’ अशी मालकीची स्वतंत्र नोंद करण्याची सोय केली, ती याच कारणाने. आता कायद्याची, नियमाची आणि नमुन्याची भाषा एक व्हायला हवी, एवढेच उरले आहे.

अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे गेल्या काही दशकांत बदलत गेली. नावाला महत्त्व नाही असे नाही. तुच्छतेचे शब्द गेले ते बरेच झाले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही गोष्टही भूषणावह आहे. पण नाव बदलल्याने एसटीची पायरी खाली येत नाही आणि क्लच हातात येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. त्यातील सर्वांना मोटार हवी आहे, असे कोणीही म्हणणार नाही. ज्यांना ती चालवता येईल आणि परवडेल असे थोडेच असतील. पण ते थोडे आहेत म्हणूनच त्यांच्यासाठी करावयाचा खर्चही थोडा आहे, हे कोषागाराच्या रक्षकांनी लक्षात घ्यावे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट केंद्राने करायची आहे. अपंगाने घेतलेल्या किंवा त्याच्यासाठी घेतलेल्या लहान मोटारीवरील कर बदलसंचाप्रमाणेच ५ टक्के करावा. वर घेतलेल्या ५ लाखांच्या उदाहरणात त्याने ९० हजारांऐवजी २५ हजार भरावेत. सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती खरी आहे. अपंग काकांच्या नावावर मोटार घेऊन ती पुतण्याने उडवावी, असे घडू शकते. त्यावर इलाज जुन्याच व्यवस्थेत होता. पाच वर्षांतून एकदाच सवलत आणि तोवर मोटार विकण्यास मनाई, ही अट पुन्हा घालता येईल. चोर शिरेल म्हणून घराला दारच ठेवायचे नाही, हे धोरण शहाणपणाचे नव्हे.

दुसरी गोष्ट राज्याची. अनुकूलित वाहनाच्या नोंदीसाठी आणि अशा चालकाच्या परीक्षेसाठी प्रत्येक परिवहन कार्यालयात आठवड्यातील एक दिवस तळमजल्यावर राखून ठेवावा. मोटार वाहन कराबाबत अशा गाडीची स्थिती काय, हे निःसंदिग्ध शब्दांत फलकावर लिहावे. आणि जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी हातांनी चालवता येणारी निदान एकेक मोटार शिकण्यासाठी व परीक्षेसाठी उपलब्ध करून द्यावी. पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न येईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्यात दंडक आहे. ही रक्कम अखर्चित राहिल्याच्या तक्रारी ठिकठिकाणाहून होत असतात. दोन महापालिका आणि दोन जिल्हा परिषदा मिळून दोन मोटारी उभ्या करू शकत नाहीत, हे कोणाला पटेल?

तिसरी गोष्ट खानदेशाने स्वतःच करायची आहे. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि पाइप व ठिबकच्या कारखानदारीने जळगावचे नाव देशभर पोहोचवले आहे. दोन दांडे, चार खिळ्या आणि एक तार यांचे हे यंत्र येथील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. मात्र ते ब्रेकशी जोडलेले असल्याने त्यात हौशी कारभार चालणार नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेकडून तपासून घेतलेले संच बसवण्याचे प्रशिक्षण जरी येथील चार तरुणांना मिळाले, तरी पुण्या-मुंबईची खेप वाचेल आणि एक नवा धंदाही उभा राहील.

आणि चौथी गोष्ट शाळेच्या मुख्याध्यापकांनी, कचेरीच्या प्रमुखांनी आणि सहकाऱ्यांनी करायची आहे. तिला ना अध्यादेश लागतो, ना फारसा पैसा. प्रवेशद्वाराजवळची, दार पूर्ण उघडता येईल एवढी एक जागा मोटारीसाठी राखून ठेवणे आणि तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून घेणे, एवढेच ते काम आहे. ९० किलोमीटर मोटार चालवून आलेला माणूस तीन पायऱ्यांपाशी येऊन थांबला, तर त्या सगळ्या यंत्राचे आणि कायद्याचे काय चीज झाले?

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले, याचा खानदेशातील शिक्षकांना रास्त अभिमान वाटतो. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. बंद दाराबाहेर माणूस उभा आहे, ही गोष्टच त्यांना सहन झाली नाही. मोटारीचे दार काही मंदिराचे दार नव्हे, आणि त्यासाठी कोणी उपोषण करावे अशीही वेळ येऊ नये. पण पारोळ्याच्या त्या शिक्षकाला शाळेत पोहोचण्यासाठी रोज कोणाच्या तरी खांद्याची वाट पाहावी लागत असेल, तर तो समाजाने बंद ठेवलेल्या दाराबाहेरच उभा आहे. त्याचे पाय निसर्गाने नेले, त्याला इलाज नव्हता. त्यांच्या जागी जी चाके येऊ शकतात, त्यांवर इतरांइतकाच कर लावायचा की नाही, हे मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती आहे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय यावा, यासाठी खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवावा. शिक्षक आणि लिपिक संघटनांनीही आपल्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्त्याच्या खाली का होईना, याला एक ओळ द्यावी.